फरशीवरचा चल्लस

केजच्या घरातली शहाबादी फरशी उखडून चकचकीत टाइल्स बसवल्या. बरंच झालं, पावसाळ्यात ओल धरायची ती. पण ओसरीतल्या एका फरशीवर खिळ्यानं कोरलेला चल्लसचा पाच बाय पाच घरांचा पट होता, तोही भरावात गेला हे कळल्यावर जेवण गोड लागेना.

चार फोडलेले चिंचोके. जितके पांढरे वर, तितकी घरं. चारही काळे पडले तर आठ. कायदा एवढाच. कहाणी मात्र रोज नवी. कधी धारूरचा किल्ला चढायचा, कधी लंका जाळायची. शेजारचा मित्र आला की ऊसतोडच. मधलं घर म्हणजे कारखाना. सोंगटी मेली की मुकादमाची आगाऊ उचल फिटली नाही, परत फडावरच्या कोपीवर. दिवाळीनंतर हा मित्र आईबापांबरोबर खरोखरच फडावर जायचा आणि पटाची एक बाजू मोकळी पडायची. तिथं बसायला थोरला चुलतभाऊ यायचा. हरायला लागला की कायदा बदलणारा. त्याचा राग अजून गेलेला नाही.

पुढं भाच्यानं 'गर्प्स' दाखवलं. टेक्ससमधल्या स्टीव्ह जॅक्सन गेम्सनं 1986 साली काढलेली ही भूमिका वठवायच्या खेळांची नियमावली. राक्षस असोत, अंतराळ असो की हेरगिरी, नियम तेच. तीन फाशांची बेरीज आपल्या कौशल्याच्या आकड्याइतकी किंवा कमी आली की काम फत्ते. दहा-अकरा सारखे पडतात, अठरा 216 वेळांत सरासरी एकदा. आमचा आठही सोळांत एकदाच.

1 मार्च 1990 रोजी अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसनं या कंपनीवर छापा घातला, 'गर्प्स सायबरपंक'च्या मजकुरासकट संगणक उचलून नेले. खेळाचं पुस्तक त्यांना गुन्ह्याचं पाठ्यपुस्तक वाटलं. 1993 साली कंपनी खटला जिंकली. मला हसू आलं नाही. ओसरीवर खरा मुकादम बसलेला असला की आम्हीही ऊसतोड सोडून गुमान धारूर चढायचो.

पण मी अडकलो ते दुसऱ्याच पानावर. या खेळात पात्र गुण मोजून घडवतात आणि उणिवांचे गुण उलट परत मिळतात. अधू पाय, डोक्यावर कर्ज, पोसायची माणसं, गरिबी, सगळ्याचे. त्या गुणांतून मग हवं ते कौशल्य घ्यायचं. आमच्या मित्राकडं या उणिवा ढिगानं होत्या. त्याला त्याबद्दल कुणी काही दिलं नाही. शाळेनं हजेरीपटावरून नाव तेवढं कमी केलं.

'गर्प्स लाइट' ही बत्तीस पानांची आवृत्ती फुकट मिळते. मुलांबरोबर खेळणार असाल तर एक डाव उसाच्या फडावर मांडा, आणि उचलीचे गुण द्यायला विसरू नका.