मेणवलीची पंधरा चित्रे

निवृत्तीनंतर माणसाने बागकाम करावे, नातवंडांना शाळेत पोचवावे, फार तर ज्ञानेश्वरीच्या वर्गाला जावे. परीक्षेला मात्र बसू नये, असे आमच्या घरचे एकमत आहे. त्यामुळे "रॉयल फोटोग्राफिक सोसायटीच्या असोशिएटशिपसाठी मी चित्रसंच पाठवणार आहे," हे वाक्य मी जेवणाच्या टेबलावर उच्चारले, तेव्हा सूनबाई आमटी वाढता वाढता थांबली आणि नातवाने विचारले, "आजोबा, नापास झालात तर पुन्हा त्याच वर्गात बसायचं का?"

ही सोसायटी लंडनला १८५३ साली निघाली. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८५४ मध्ये, आपल्या मुंबईतही फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातले एक हौशी छायाचित्रकार होते. तेव्हा हे खूळ आपल्याकडे काही काल आलेले नाही! विलायतेतल्या त्या सोसायटीच्या पदव्यांच्या तीन पायऱ्या आहेत. पहिलीला दहा चित्रे लागतात. त्यांत हात किती तऱ्हांनी चालतो ते दाखवायचे असते. दुसरीला पंधरा लागतात, आणि ती सारी मिळून एकच गोष्ट बोलली पाहिजेत. ती गोष्ट कोणती, हे दीडशे शब्दांत आधीच लिहून द्यायचे. पंधरा चित्रे आणि दीडशे शब्द, एवढाच काय तो अभ्यासक्रम. मॅट्रिकचा भूगोल परवडला.

विषय मला शोधावा लागला नाही. वाईजवळची मेणवली मी लहानपणापासून पाहत आलो आहे. स्वारगेटहून पहाटेची एस.टी. धरली की खंबाटकीचा घाट उतरेपर्यंत झुंजुमुंजू होते. सुरूरच्या फाट्याला गाडी वळते, आणि थोड्याच वेळात पांडवगड उजेडात वर येतो. वाईत उतरून चहा घ्यायचा, ढोल्या गणपतीला हात जोडायचे. या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची निमुळती आहे. कृष्णेचा पूर आला की पाणी तिच्यावर दुभंगून दोहो बाजूंनी निघून जावे, म्हणून रास्त्यांच्या कारागिरांनी ही युक्ती केली. पुढे मेणवली तीन-एक किलोमीटर. रिक्षा मिळते; पण खांद्यावर तिपाई असली तरी मी चालतच जातो. त्या वाटेवर हळदीची शेते लागतात, आणि कॅमेऱ्याआधी डोळा जागा व्हावा लागतो.

मेणवली म्हणजे नाना फडणिसांचे गाव. नानांचा वाडा चौकामागून चौक असा आत आत जातो आणि त्याच्या मागच्या अंगाने उतरले की एकदम कृष्णाकाठ. चंद्रकोरीसारखा वळलेला दगडी घाट, मेणेश्वराचे आणि विष्णूचे अशी दोन देवळे, आणि एका छोट्याशा घुमटीत टांगलेली ती प्रचंड घंटा. घंटेवर मेरी आणि बाळ येशू कोरलेले आहेत आणि १७०७ हे साल आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, तेव्हा पोर्तुगिजांच्या चर्चांतल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यांतली ही एक. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा हिचीच नात्यातली. मेरीमाता शंकराच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या नांदते आहे आणि गावाला त्यात काही नवल वाटत नाही.

'स्वदेस' चित्रपट २००४ साली आला तेव्हापासून मेणवलीला पाहुणे वाढले. ते येतात, घाटाकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढतात आणि पाचगणीला जातात. त्यांना दोष कसा द्यावा? दुपारी अकराला त्या घाटावर पाहण्यासारखे फारसे नसतेच. ऊन काळ्या दगडाला सपाट करून टाकते, आणि आभाळ पांढरेफटक. परीक्षकांना सर्वांत आधी खुपतो तो हाच पांढरा डाग, ज्यात काही तपशीलच उरलेला नाही. घाट पाहायचा तो सकाळी साडेसहा ते साडेआठ. ऊन तिरपे आले की प्रत्येक पायरीची कड उजळते, पायऱ्यांतले घासून झालेले खळगे सावलीने भरतात, आणि किती पिढ्या इथे उतरल्या ते दगडच सांगू लागतो.

त्या दोन तासांसाठी मी वर्षभरात एकोणीस खेपा केल्या. ("एवढ्यांदा तुम्ही सासुरवाडीला नाही आलात," इति आमची ही.) माझा विषय होता घाटावरचे पाणी आणि हात. धुणे, भांडी, म्हशी, सोवळ्याचा गडू, दशक्रियेचे पिंड. जे जे हातांनी पाण्याशी होते ते. चित्रे शेकड्यांनी जमली. निवडताना मात्र घाम फुटला. एकेकटे पाहिले की चांगले दिसणारे चित्र पंक्तीला बसवले की शेजाऱ्याशी भांडते. सूर्यास्ताचे एक केशरी चित्र होते, घरात सगळ्यांना आवडलेले. तेच सर्वांआधी बाहेर गेले, कारण बाकी चौदा राखाडी होती आणि ते एकटे लग्नाला आल्यासारखे नटलेले.

मांडणीचा नकाशाही जोडावा लागतो. मी पाच-पाचांच्या तीन ओळी धरल्या. डाव्या टोकाच्या चित्रातला माणूस उजवीकडे पाहणारा हवा, उजव्या टोकाचा डावीकडे. नाही तर बघणाऱ्याची नजर भिंतीवरून घरंगळून बाहेर जाते. आमच्या हॉलमधला सोफा आठ दिवस अंगणात होता आणि जमिनीवर पंधरा छापे. जाणारे-येणारे रांगोळी ओलांडावी तसे ओलांडून जात.

तीन ओळींच्या बरोबर मध्यावर येते ते आठवे चित्र. माझे आठवे चित्र नि:संशय सर्वांत सरस होते. गुडघाभर पाण्यात उभी असलेली एक बाई, हातात पिळलेले लांब पांढरे धोतर, त्याला दिलेला झटका, आणि उडालेल्या तुषारांतून आलेले ऊन. चेहरा अर्धा उजेडात. बाकीची चौदा चित्रे त्याच्याभोवती फेर धरून उभी होती म्हणा ना. फोटोग्राफीतले माझे एक जुने स्नेही, ज्यांचा हात धरून मी शिकलो, ते म्हणाले, "या एका चित्रावर तू पास."

ज्यांची चित्रे संचात आहेत त्यांना छापा नेऊन द्यायचा आणि "हे परदेशी दाखवू ना?" असे विचारायचे, हा माझा शिरस्ता. चौदा ठिकाणी हसून होकार मिळाला. म्हैसवाल्याने तर म्हशीच्या वतीनेही दिला. या बाईंचे घर गावाच्या वरच्या अंगाला. मी गेलो तेव्हा त्या अंगणात शेंगा फोडत होत्या. छापा हातात घेतला आणि पदराने हात पुसून पुन्हा घेतला. बराच वेळ बोलल्याच नाहीत.

"ह्ये मालकांचं धोतर," शेवटी म्हणाल्या. "त्या टायमाला ते हातरुणाला खिळल्याले. उठता येत नव्हतं. दिसातनं दोनदा धुवाया लागायचं. उजाडायच्या आत उरकायची मी, कुनाला दिसाया नगं म्हून."

"आणि आता?" मी विचारले.

"गेलं की. आखाडात."

मी गप्प राहिलो. मग म्हटले, "मावशी, चित्र छान आहे, पण तुम्ही नाही म्हणालात तर पाठवणार नाही."

"फोटू मला द्या, दादा. माझ्याजवळ ऱ्हाऊ द्या. पन तिकडं नगं. त्येंना लई लाज वाटायची त्याची."

परतीच्या एस.टी.त मी ते चित्र डोळ्यांपुढून हलवू शकलो नाही. स्नेह्यांना सांगितले तर ते म्हणाले, "अरे, घाट सार्वजनिक आहे. कायद्याने तुला कोणी अडवू शकत नाही. आणि विलायतेत कोणाला कळणार आहे ते धोतर कोणाचं?" त्यांचे काही खोटे नव्हते. परीक्षकांना त्यात ऊन दिसले असते, पाणी दिसले असते, श्रम दिसले असते. मला मात्र आता त्यात पलीकडच्या खोलीत पडलेला एक माणूस दिसू लागला होता. घरी हिला विचारले. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "तुम्ही विचारायला गेलात कशाला, जर उत्तर ऐकायचं नव्हतं तर?"

आठवे चित्र काढले, आणि आख्खा संच कोसळला. मधले भोक बुजवायला म्हणून जे ठेवावे ते केविलवाणे दिसे. एका पावसाळी सकाळी पुन्हा मेणवलीला गेलो. नदी फुगलेली होती, घाटाच्या खालच्या पायऱ्या बुडालेल्या, माणूस एक नाही. घंटेच्या घुमटीखाली उभा राहिलो. मेरीमातेच्या मूर्तीवर पाण्याचा ओघळ आला होता आणि मागे गढूळ कृष्णा. हात नव्हते त्या चित्रात. तरीही तेच काढले.

मग दीडशे शब्द नव्याने लिहिले. 'पाणी आणि हात' हे नाव गेले. 'एक घाट, एक वर्ष' असे साधे नाव आले. घंटा आठव्या जागी बसली, तिच्या दोन बाजूंची चित्रे बदलली, एक ओळ उलटी केली. पूर्वीच्या संचाइतका हा संच जोरकस नाही, हे मला दिसते. स्नेह्यांनी तर ते स्पष्टच सांगितले. पांढऱ्या माउंटांवर पंधरा छापे चढवले, मागे क्रमांक घातले, नकाशा जोडला आणि लाकडी खोक्यात कापूस भरून ठेवले. टपालाच्या खिडकीवरच्या बाईंनी कस्टम्सचा कागद भरताना विचारले, "आतल्या मालाची किंमत किती लिहू?" मी कागदाचे आणि शाईचे पैसे सांगितले.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा निकाल लागला असेल किंवा नसेल. घरातले कोणी त्याविषयी बोलत नाही. नातवाने मात्र माझा कंपास आपल्या दप्तराशेजारी ठेवला आहे, लागला तर असावा म्हणून. मागच्या महिन्यात मेणवलीला गेलो होतो, कॅमेरा न घेता. मावशींनी चहा दिला. फोटो भिंतीवर नव्हता. मी विचारले नाही, त्यांनीच ट्रंकेकडे बोट केले आणि म्हणाल्या, "धोतराच्या घडीत ठिवलाय."