सुतळीची गाठ

माझ्या कपाटात साड्यांच्या घडीखाली सुतळीचा एक तुकडा जपून ठेवलेला आहे. हळदीच्या पोत्याचं तोंड शिवायची साधी सुतळी. तिला मधोमध एक गाठ आहे आणि त्या गाठीत हळदीचा पिवळा रंग अजून धरून आहे. ही गाठ आक्कांनी मारलेली. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आम्ही दोघी नऊ वर्षं एकमेकींशी बोलत नव्हतो.

माझं दुखणं गुडघ्यापासून सुरू झालं, निदान मला तसं वाटलं. २०१६च्या पावसाळ्यात डावा गुडघा ठणकायला लागला. जिल्हा परिषदेच्या शाळेत दिवसभर उभं राहून शिकवायचं, त्यामुळे आधी दुर्लक्ष केलं. मग फोटो काढले, तर गुडघा चांगला निघाला. तेल झालं, शेक झाला, पट्टा झाला. शेवटी कुणीतरी सांगितलं म्हणून एका ठिकाणच्या पुड्या सुरू केल्या. पुडी पोटात गेली की दोन तासांत पाय मोकळा व्हायचा. दीड वर्ष घेतल्या. त्या पुडीत काय आहे हे कुठं लिहिलेलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही. मुलांना रोज प्रश्न विचारायला शिकवणारी बाई, मी एवढा एक प्रश्न विचारला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

नांदेडच्या हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्याला हातसुद्धा लावला नाही. मला उताणं झोपवलं, पाय दुमडला आणि हळूच आतल्या अंगाला फिरवला. जांघेतून अशी कळ गेली की मी टेबलाची कड घट्ट धरली. ते म्हणाले, "ताई, दुखणं खुब्याचं आहे, गुडघा नुसता ओरडतोय." खुब्याच्या आणि गुडघ्याच्या नसा सामायिक असतात, म्हणून खुबा बिघडला तरी माणूस गुडघाच चोळत बसतो. मग त्यांनी पुड्यांबद्दल विचारलं. अशा पुड्यांत स्टिरॉइड असलं आणि ते फार दिवस पोटात गेलं, तर मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. गोळा आतून मरत जातो, मग दबतो. एमआरआयमध्ये माझा गोळा एका बाजूनं चपटा झालेला दिसत होता. आमच्याकडं याला 'बॉल सुकला' म्हणतात. आमच्या भागात त्या पुड्या आजही घरोघरी घेतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सांधा बदलावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं वीट आली.

१९९८च्या दिवाळीत आमच्या सासूबाई अंगणात घसरून पडल्या आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. वय जास्त, साखर होती, भूल झेपणार नाही असं सांगून त्यांना घरी पाठवलं. पायाला पट्टी गुंडाळली, पट्टीला दोरी बांधली, दोरी खाटेच्या पायथ्यावरून खाली सोडली आणि दोरीच्या टोकाला वीट. पाय ताणलेला राहावा म्हणून. ती वीट रात्रंदिवस लोंबकळत असायची. कुणाचा धक्का लागला तरी सासूबाई कळवळायच्या. पडून पडून पाठीला जखमा झाल्या, छाती भरत गेली. १ मे १९९९ला आपला हिंगोली जिल्हा परभणीपासून वेगळा झाला, गावात पेढे वाटले गेले, आणि त्याच महिन्यात सासूबाई गेल्या.

त्या सहा-सात महिन्यांत त्यांचं सगळं आक्कांनी केलं. दर दोन तासांनी कूस बदलणं, जखमा धुणं, भांडं देणं, भरवणं. माझी शाळा तेव्हा सेनगावकडं. शनिवारी संध्याकाळी यायचं, रविवारी दुपारची बस धरायची. येताना मोसंबी आणायची आणि उशाशी बसून पाय चेपायचे. सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, माझी धाकटी सून फार मायाळू आहे. आक्का तेव्हा तिथंच गोधड्या पिळत असायच्या. मी एकदाही म्हणाले नाही की, आई, मायाळू मी नाही.

पुढं २०१० मध्ये वाटण्या झाल्या. वाटणीत जे होतं तेच झालं. त्यांच्या गड्यानं बांध कोरला असं आमच्याकडं म्हणायचे, आमच्या ट्रॅक्टरनं कोरला असं त्यांच्याकडं. भाऊ-भाऊ बोलेनासे झाले, मग आम्हीही. एकाच वाड्यात मधे भिंत आली. पाणी भरताना समोर आल्या तर मी पदर सावरून बाजूला व्हायचे, इतकंच.

ऑपरेशनची तारीख फेब्रुवारी २०१९ मधली मिळाली. वसमत-औंढ्याच्या पट्ट्यात हे हळदीचे दिवस. शेतोशेत कुकर पेटलेले, वाफेचा तो मातकट गोड वास, आणि बाईमाणसाला मान वर करायलाही फुरसत नाही. मी माझ्या तयारीत. जीपीएफमधून पैसे काढले. किडकी दाढ काढून घेतली, कारण दातातला जंतू रक्तातून नव्या सांध्यापर्यंत पोचू शकतो. लघवीची तपासणी, साखरेची तपासणी. तीन रंगीत गोळ्यांचं श्वासाचं यंत्र दिलं होतं, त्यातून श्वास ओढून गोळे वर धरायचे. पलंगावर पडून मांडीचा स्नायू आवळायचा, दहापर्यंत मोजायचं, सोडायचं. फिजिओथेरपीच्या मुलीनं सांगितलं होतं, "मॅडम, आधी जेवढी ताकद कमवाल, तेवढी नंतर वापरायला मिळेल."

तिनं एक कागदही दिला होता. गुडघ्यापेक्षा खाली बसायचं नाही. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही. कमरेतून काटकोनापलीकडं वाकायचं नाही. नाहीतर नवा गोळा वाटीतून निसटू शकतो. कागद वाचून मी घराकडं पाहिलं तर आमचं सगळं घरच जमिनीला टेकलेलं. जेवण खाली, देवघर खाली, निवडणं-टिपणं खाली, संडास देशी, खाट वीतभर उंचीची.

दोन बाटल्या रक्ताची सोय करायची होती. त्यातली एक आक्कांच्या मुलानं नांदेडला जाऊन दिली, मला न विचारता. त्याच संध्याकाळी मागच्या दारातून आक्का आत आल्या. हात कोपरापर्यंत पिवळे.

"कवा हाय?"

"पुढच्या बुधवारी."

"काय काय करायचं सांगितलंय?"

मी कागद वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला. "गुडघ्याच्या वर म्हंजे किती?" मला सांगता येईना. त्यांनी कमरेला खोचलेली सुतळी काढली, माझ्यापुढं खाली बसल्या, एक टोक माझ्या टाचेखाली दाबलं, सुतळी गुडघ्याच्या लवणीपर्यंत ताणली, वर चार बोटं मोजली आणि गाठ मारली. दातांनी ओढून घट्ट केली.

"या गाठीखाली बसायचं न्हाई. कुणाच्याबी घरी."

मग ती सुतळी घेऊन त्या घरभर फिरल्या. खुर्ची कमी भरली, तिच्यावर घोंगडी घडी घालून बांधली. संडासात ठेवायची खुर्ची तालुक्याहून आणवली आणि तिचे पाय सुतळीला लावून वर सरकवून घेतले. अंगणातली सुटी फरशी उचलली, दारातली गोणपाटं काढून टाकली. खाटेखाली द्यायला चार विटा आणल्या. त्या त्यांनी स्वतः घासून धुतल्या आणि खाट डुगडुगू नये म्हणून सुताराकडून चहूबाजूंनी फळ्या ठोकून घेतल्या. मी विटांकडं पाहत राहिले. आक्काही पाहत होत्या. दोघींनाही एकच खाट आठवत होती, पण बोललो नाही.

ऑपरेशनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर करतात. मी अर्धवट झोपेत होते आणि हातोडीचे ठोके ऐकू येत होते, सुताराच्या दुकानासारखे. दुखत काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओथेरपीच्या त्या मुलीनं वॉकर पुढं केला आणि मला उभं केलं. ज्या सांध्यानं सासूबाईंना सात महिने उठू दिलं नाही, त्याच सांध्यावर मी एका रात्रीत उभी होते. मला रडू आलं ते वेदनेनं नाही.

दवाखान्यात माझ्या मुलानं मोबाइलवर वाचून दाखवलेली एक गोष्ट मनाला फार भिडली. आज जगभर होणाऱ्या या ऑपरेशनचा पाया सर जॉन चार्नली या इंग्लंडमधल्या सर्जननी घातला. त्यांनी आधी वाटी टेफ्लॉनची केली. ती काही वर्षांत झिजली आणि सुमारे तीनशे माणसांचे सांधे बिघडले. मग १९६२ मध्ये एक विक्रेता त्यांच्या कार्यशाळेत आला, कापडाच्या मागांच्या दातेरी चाकांसाठी वापरलं जाणारं प्लास्टिक घेऊन. चार्नलींनी त्यात रस दाखवला नाही. त्यांचा कारागीर हॅरी क्रेव्हन यानं मात्र तुकडा घासणीच्या यंत्रावर लावून ठेवला. टेफ्लॉन एका दिवसात झिजायचं, तेवढं हे प्लास्टिक तीन आठवडे घासूनही झिजलं नाही. त्याच नोव्हेंबरमध्ये चार्नलींनी त्याची वाटी माणसात बसवली. आणखी एक गोष्ट. आपल्या मृत्यूनंतर सांधा तपासायला काढून घ्यावा, अशी संमती त्यांचे रुग्ण देऊन ठेवत. किती झिजला ते पाहून पुढच्यांसाठी सुधारणा व्हायची. त्या अनोळखी म्हाताऱ्या माणसांनी मरताना परत केलेल्या सांध्यांवर मी आज चालते. त्यांची नावं मला कधीच कळणार नाहीत, म्हणून त्यांना इथं नमस्कार करते.

घरी आले आणि सहा आठवडे आक्कांच्या हाती होते. दिवसा शेतात कुकरवर, संध्याकाळी माझ्याकडं. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटात टोचायचं इंजेक्शन त्यांची सून द्यायची, ती आशा कार्यकर्तीकडून शिकून आली होती. झोपेत पाय एकमेकांवर जाऊ नयेत म्हणून दोन पायांमधे उशी. रात्री कूस बदलायची वेळ झाली की आक्का आपोआप उठायच्या. गजर नाही, काही नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "आईच्या टायमाला लागलेली सवय. अंग इसरत न्हाई."

तिसऱ्या आठवड्यात माझ्या पायाची नखं वाढून पांघरुणात अडकायला लागली. वाकायचं नाही, त्यामुळे बोटांपर्यंत माझा हात पोचणं शक्य नव्हतं. आक्कांच्या ते लक्षात आलं. कोमट पाण्याचं घमेलं घेऊन त्या जमिनीवर बसल्या आणि माझा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. मी पाय ओढायला गेले. थोरल्या जावेनं धाकटीच्या पायाला हात लावायचा, हे माझ्यानं सोसवेना.

"हालू नको. औंढ्यात इसोबानं पिंडीवर पाय ठिवले, तवा देवाला काई झालं न्हाई. मला काय व्हायलंय?"

एकेक बोट धरून त्यांनी नखं कापली. अंगठ्याचं जाड झालेलं नख पाण्यात भिजवून, थोडं थोडं. टाचेच्या भेगांत साचलेला मळ ओल्या फडक्यानं काढला. त्यांच्या बोटांची हळद माझ्या नखांना लागली. त्यांची मान खाली होती, भांगात पांढरे केस, आणि मला वरून फक्त तेवढंच दिसत होतं. त्या वेळी मी वीस वर्षांचं साठलेलं बोलले. म्हणाले, आक्का, आईंच्या वेळी मी काहीच केलं नाही. सगळं तुम्ही केलं आणि नाव माझं झालं.

त्यांनी मान वर केली नाही. "तुझा पगार यायचा म्हून औषध यायचं. मलमाची एक डबी कितीला होती, मला ठाव हाय. मोसंब्याचीबी."

मग फडकं पिळलं आणि म्हणाल्या, "दुसरा पाय दे."

बांधाचं भांडण अजून मिटलेलं नाही. मोजणीचा अर्ज पडून आहे, आमची माणसं एकमेकांना तुटक बोलतात. आम्ही दोघी त्यात पडत नाही. आक्कांचे स्वतःचे गुडघे आता गेलेत, आयुष्यभर हळद निवडायला बसून. फोटोत दोन हाडांमधली फट जवळजवळ संपलेली दिसते. ऑपरेशनचं नाव काढलं की "पुढच्या साली" म्हणतात. मी दर साली विचारते. दाढ दाखवून आणली, साखर तपासून आणली. नको म्हणत म्हणत त्या आल्या.

गेल्या कार्तिकात दोघी औंढ्याला नागनाथाला गेलो. तिथला गाभारा जमिनीखाली आहे, सभामंडपातून अरुंद, उभ्या पायऱ्यांनी अंग चोरून उतरावं लागतं. मला ते जमणारं नाही, मी वरच खांबाला टेकून उभी राहिले. त्यांना म्हटलं, तुम्हीही नका उतरू. पण त्या ऐकणाऱ्या नव्हत्या. बेलाची पुडी तोंडात धरली, दोन्ही हातांनी भिंत धरली आणि पहिल्या पायरीशी अडल्या.

माझ्या सहा आठवड्यांत ओसरीच्या तीन पायऱ्यांवर त्या माझ्या मागं उभ्या राहून रोज म्हणायच्या, चढताना चांगला, उतरताना दुखरा. मी वरून वाकता येईल तेवढी वाकले आणि म्हणाले, "आक्का, दुखरा आधी."

तोंडात बेल असल्यामुळे त्यांना बोलता आलं नाही. दोन्ही पाय दुखरे. त्यांनी वर पाहिलं, जरा विचार केला, आणि उजवा पुढं टाकला.