देहावरचे अक्षय लेणे

जबलपूरहून कुंडम, शहापुरा मागे टाकीत दिंडोरीस पोहोचले, की नर्मदेचे दर्शन घडते. अमरकंटकाहून निघून तिने फारशी वाट चाललेली नसते. पात्र अजून लहानच असते. पुढे बजागवरून चाड्याकडे वळलो आणि सालवृक्षांची दाटी वाढू लागली. हाच बैगाचक. बैगांची 'बेवर' नावाची फिरती शेती इंग्रज वनखात्याने अन्यत्र बंद पाडली व १८९० साली ती एवढ्याच टापूपुरती ठेवली.

येथील आठवडी बाजारात आमचे लक्ष प्रथम गेले ते वृद्ध बैगा स्त्रियांच्या गोंदणाकडे. कपाळावर मध्यभागी चुलीसारखी आकृती, भोवती रेषा व ठिपके. दंड, पाठ, पोटऱ्या यांवरही निळसर-काळी नक्षी. मुलगी आठ-दहा वर्षांची झाली की आधी कपाळ गोंदवायचे आणि पुढे वयाबरोबर एकेक अंग, असा परिपाठ. गोंदणारी स्त्री बादी समाजातील. तिला 'बदनीन' म्हणतात. रमतिल, म्हणजे आपले कारळे, जाळून धरलेले काजळ हाच तिचा रंग. तो सुयांनी त्वचेत उतरविल्यावर तेल व हळद लावतात.

अंग गोंदवले की सांधेदुखी सरते, अशी ह्या स्त्रियांची श्रद्धा आहे. वैद्यकशास्त्राने तिला दुजोरा दिलेला नाही. उलट एकच सुई अनेकांना टोचल्यास काविळीसारखे रोग पसरू शकतात, हेही विसरता येत नाही. तथापि औषधापलीकडचा एक दिलासा येथे निश्चित आहे. चांदीचे दागिने गहाण पडतात, मृत्यूनंतर अंगावरून उतरविले जातात. गोंदण तेवढे देहासवे जाते, असे त्या मानतात. ज्यांचे रान हिरावले गेले, त्यांना न हिरावता येणाऱ्या लेण्याचे मोल किती वाटत असेल!

वाचकहो, हे आपणांस परके नाही. कपाळी तुळस आणि हनुवटीवर ठिपका गोंदवलेली आजी आपल्या कित्येक घरांत होऊन गेली. परप्रांती राहूनही तिच्या खुणेने घराची ओळख टिकली. पुढे आपणच त्या खुणेस गावंढळ म्हणू लागलो.

२०२३ साली उमरिया जिल्ह्यातील बैगा चित्रकर्त्री जोधइया बाई यांना पद्मश्री मिळाली. त्या २०२४ साली निवर्तल्या. राष्ट्राने बैगांच्या कलेचा असा गौरव केला. पण शाळेत चेष्टा होईल म्हणून कपाळ गोंदवून घेण्यास नकार देणाऱ्या मुली ह्याच प्रदेशात आहेत. गोंदवावे की नाही, हे त्या मुलींनीच ठरवावे. सक्ती कोणत्याच बाजूने नको. मात्र तो नकार लाजेपोटी येत असेल, तर दोष त्यांचा नव्हे, आम्हां शिक्षकांच्या वर्गाचा आहे. मुळाक्षरे शिकविणाऱ्याने कपाळावरच्या अक्षरांचाही मान राखावयास हवा. तेवढे झाले, तरी एखाद्या मुलीच्या मनावरचा घाव भरून येईल.