टोकियोच्या पोटातली दिंडी

टोकियोतल्या अझाबुदाई हिल्स या इमारत-संकुलाच्या तळघरात शिरलो आणि जागीच थबकलो. मिट्ट काळोख, आणि भिंतीवरून उजेडाची माणसं चाललीयत! जुन्या जपानी वेशातली, कुणी डुलत, कुणी ठेका धरून. मध्येच ससा, त्याच्यामागे दोन पायांवर चालणारा बेडूक!

मी लातूरकडच्या जळकोटचा. अशी रांग दिसली की दिंडीच आठवणार. पण दिंडीत विणेकरी असतो, कोण कुणामागे हे ठरलेलं असतं. इथे म्होरक्याच नाही. एकाला हात लावला, तर गडी जागच्या जागी थांबला. वाटेत आडवा उभा राहिलो, तर मागून येणारे वळून दुसऱ्याच वाटेला लागले. माझ्यामुळे!

हे ‘टीमलॅब बॉर्डरलेस’, डिजिटल कलेचं संग्रहालय. आधी टोकियोतल्याच ओदायबात होतं, २०२४पासून इथे. ते उभारणाऱ्या टीमलॅब या कलासमूहाचे संस्थापक तोशियुकी इनोको तोकुशिमाचे, जिथे दर ऑगस्टात रस्तोरस्ती मिरवणुकीने ‘आवा ओदोरी’ हा नाच नाचतात. मग भिंतीवर ही मिरवणूक निघाली यात नवल ते काय! आधी चित्रित केलेलं इथे काहीच नाही. व्हिडिओ गेमसारखं संगणक त्या-त्या क्षणी चित्र काढतो. बटणांऐवजी आपले हातपाय. नियम प्रोग्रामरचे, बाकी सगळा योगायोग. मर्स कनिंगहॅम या अमेरिकन नृत्यकाराने २००३ साली ब्रुकलिनमध्ये फासे टाकून नाचाचा, संगीताचा क्रम ठरवला होता. इथे फासे म्हणजे आपणच. आता दिसलं ते पुन्हा तसंच दिसणार नाही.

पुढच्या दालनात धबधबा. छतापासून कोसळतोय, पायाशी येऊन दुभंगतोय, मला वळसा घालून जातोय. अंगावर थेंब नाही! २०१६च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलेलं पाहिलेल्या माणसाने नुसत्या उजेडाचं एवढं पाणी पाहावं आणि काय म्हणावं?

शेवटी चहा. काळ्याशार टेबलावर वाटी ठेवली आणि चहात फूल उमललं. वाटी उचलली, पाकळ्या टेबलभर विखुरल्या. चहा आहे तोवर फुलं येत राहतात. घोट संपला की संपलं. मी मुद्दाम चाखत-चाखत प्यायलो. चव म्हणाल, तर बेतासबात.

जाणार असाल तर पांढरा सदरा घाला, चित्रं अंगावरही उमटतात. नकाशा मागू नका, तो मिळतच नाही.