उसना विस्तव

आमच्या लहानपणी खेड्यातल्या घरी काड्यापेटी नव्हती असे नाही. परंतु तिच्यातील काडी ओढावयाची ती देवापुढील निरांजनासाठी. चूल पेटवावयाची वेळ झाली की आई माझ्या हाती गोवरीचा तुकडा देई आणि म्हणे, "जा, काकूंकडून विस्तव घेऊन ये." काकू आपल्या चुलीतील एक निखारा त्या तुकड्यावर ठेवीत आणि मी वाऱ्याकडे पाठ करून, मधूनमधून फुंकर घालीत घरी येई. या देण्याघेण्याची वही कोणी ठेवीत नसे. ठेवणार तरी कशाची? निखारा दिल्याने काकूंची चूल काही विझत नसे. मात्र या व्यवहारालाही एक शिस्त होती. दिवेलागणीनंतर विस्तव मागू नये, शेजारचा स्वयंपाक ऐन भरात असताना दाराशी उभे राहू नये, हे आम्हा मुलांना घरातच कळत असे.

परवा, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, मी पुन्हा एकदा विस्तव मागावयास गेलो. आणि ती शिस्त मी पार विसरलो आहे असे मला आढळून आले.

मृगाच्या अगोदरचे दिवस होते. आमचे बुलढाणे अजिंठ्याच्या डोंगरावर वसलेले. येथे वळीव आला म्हणजे तो नुसता पाऊस घेऊन येत नाही, वाराही घेऊन येतो. त्या संध्याकाळी वाऱ्याने लिंबाची एक फांदी पाडली आणि तिच्याबरोबर घरात येणारी इंटरनेटची तारही तुटली. नेमकी विद्यार्थ्यांचे अंतर्गत गुण पाठविण्याची ती शेवटची रात्र. माझ्या स्वतःच्या फोनचे पैसे भरावयाचे राहिले होते. (इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्या माणसाकडून व्यवहारदक्षतेची अपेक्षा करू नये, हे आमच्या घरी सर्वमान्य आहे.) तेव्हा लॅपटॉप काखेत मारून मी जिना चढलो. वरच्या खोलीत सिंदखेडराजाकडील एक तरुण भाड्याने राहतो आणि सरकारी नोकरीच्या परीक्षांचा अभ्यास करतो. "अरे, जरा तुझा हॉटस्पॉट देतोस का?" मी म्हणालो. तो लगबगीने उठला. "हो सर, घ्या ना," म्हणून त्याने परवलीचा शब्द सांगितला, आणि मी माझ्या खोलीत परत आलो.

हॉटस्पॉट! शब्दाचा अर्थ उष्ण स्थान. तो अगदीच चुकीचा नाही. कारण असा फोन हातात घेतला तर तो खरोखरीच तापलेला लागतो. बिचारा एका कानाने दूरच्या मनोऱ्याशी बोलत असतो आणि दुसऱ्या कानाने शेजारच्या लॅपटॉपशी. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्या काळी संगणक आणि टेलिफोनची तार यांच्यामध्ये मोडेम नावाचा एक दुभाषी बसविलेला असे. संगणकाच्या भाषेचे तो ध्वनीत रूपांतर करी आणि ध्वनीचे पुन्हा संगणकाच्या भाषेत; आणि हे करताना असा काही चीत्कार करी की, घरातल्या वडीलधाऱ्यांनी दचकून उठावे. पुढे हे दुभाष्याचे काम खिशातल्या फोननेच पत्करले. प्रथम तार जोडून, नंतर ब्लूटूथने, आणि २०१० च्या सुमारास सेकंदास २४० कोटी आंदोलने घेणाऱ्या वाय-फायच्या लहरींनी. या लहरी भिंतीतून आणि स्लॅबमधून आरपार येतात. १८९५ साली जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यास अशाच अदृश्य लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजविली होती आणि बंदुकीची दारू पेटविली होती. भिंतीपलीकडचा विस्तव तो हाच, असे मनाशी म्हणत मी कामास लागलो.

वीस मिनिटांत गुण रवाना झाले. कृतकृत्य होऊन मी जेवावयास गेलो; लॅपटॉप तसाच उघडा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात चिखलाने माखलेल्या चपला दिसल्या. मी सहज चौकशी केली, तेव्हा त्याच्या खोलीतील सोबत्याने हकीकत सांगितली. त्या रात्री त्यालाही एका भरतीचा अर्ज पाठवावयाचा होता. फोटो, सही, शुल्क सर्व तयार होते, मुदत मध्यरात्रीपर्यंत. दहा वाजता त्याच्या फोनवर सूचना झळकली की, दिवसाचा डेटा संपला. वाहत्या नळाची करंगळीएवढी धार व्हावी तशी गती झाली आणि फोटो काही केल्या जाईना. मध्यरात्री डेटाचे माप पुन्हा भरते हे खरे. परंतु अर्जाची वेळही मध्यरात्रीच संपत होती. शेवटी भर पावसात तो बसस्थानकापलीकडे एका मित्राकडे गेला, त्याच्याकडून विस्तव मागून घेतला आणि बारास काही मिनिटे असताना अर्ज रवाना केला.

मी खाली येऊन लॅपटॉपमधील हिशेब उघडून पाहिला. ही यंत्रे आपली खातेवही चोख ठेवतात. माझ्या गुणपत्रकांचे वजन काही मोजक्या मेगाबाइटांचे, आणि वर ओढलेला डेटा सव्वा गिगाबाइट! उलगडा व्हावयास वेळ लागला नाही. लॅपटॉपच्या लेखी वाय-फाय ते वाय-फाय. मग ते घरातील तारेचे असो की कोणाच्या मापून घेतलेल्या डेटाचे. 'हे पाणी मोजके आहे' असे त्याला आपण मुद्दाम सांगावे लागते. ते न सांगितल्यामुळे मी जेवत असताना त्याने महिनाभराच्या सुधारणा निवांतपणे उतरवून घेतल्या होत्या. उतरंडीतून घोटभर पाणी मागावे आणि आपल्या बैलाने तिला तोंड लावावे, त्यातला हा प्रकार.

याहून बोचली ती दुसरीच गोष्ट. हॉटस्पॉटच्या रचनेत मागणाऱ्याचे नाव बाहेर कोठेच जात नाही. फोन आपल्या घरापुरता लॅपटॉपला एक छोटासा पत्ता देतो; बाहेरच्या जगाला दिसतो तो केवळ फोन. खर्च सगळा देणाऱ्याच्या खात्यावर मांडला जातो, घेणारा अदृश्य. काकूंचा निखारा घेऊन येणारा पोरगा साऱ्या आळीला दिसत असे. मी मात्र कोणालाही न दिसता घेत राहिलो, आणि मलाही माझे घेणे दिसले नाही.

मी वर जाऊन त्याला म्हणालो, "अरे, मला हाक का नाही मारलीस? निदान हॉटस्पॉट बंद तरी करायचा."

तो ओशाळल्यासारखा हसला. "तुमचं काम चालू असंल असं वाटलं सर. अन् डेटा काय, रात्री परत आलाच."

डेटा परत आला होता. पण त्या दोन तासांतील त्याची घालमेल कोणत्या मापाने भरून द्यावयाची? मी त्याचा घरमालक, त्यात प्राध्यापक. माझ्या मागण्याला 'नाही' म्हणणे त्याला शक्य तरी होते काय? मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीत, शेताच्या बांधावर उभे राहून माझी व्याख्याने ऐकणाऱ्या मुलांना मी "लक्ष कुठे आहे?" म्हणून दरडावीत असे. त्यांच्या घरात एकच फोन, आणि त्याच्या दीड गिगाबाइटांत दोन-तीन भावंडांचे शिक्षण, हे मला ठाऊक असूनही कधी जाणवले नव्हते. निखारा दिल्याने कमी होत नाही, या बालपणीच्या हिशेबावरच मी चालत होतो. हा नवा विस्तव मोजून मिळतो, आणि दिल्याने संपतो. तो मागण्याची शिस्त अजून कोणी घालून दिलेली नाही. ज्याने त्याने आपल्यापुरती ती घालून घ्यावयाची.

गेल्या आठवड्यात पुन्हा पाऊस झाला आणि पुन्हा तार गेली. मी जिना चढलो, पण यावेळी अगोदर विचारले, "आज तुझे काही काम आहे का रे?"

"आहे सर," तो पुस्तकातून मान वर करून म्हणाला. "नऊला सराव परीक्षा आहे."

"मग राहू दे," असे म्हणून मी खाली आलो. माझे काम सकाळपर्यंत तसेच राहिले. परंतु त्याला न अडखळता मला नाही म्हणता आले, याचा संतोष घेऊन मी त्या रात्री स्वस्थ झोपलो.