तापीचे पाणी आणि होडीचे ठिगळ

मुलताईला उगम पावलेली तापी 724 किलोमीटर वाहत सुरतेजवळ समुद्राला मिळते. खानदेश तिच्या वाटेवर मधोमध येतो. शिरपूरहून थाळनेरला गेलात तर नदीकाठी फारुकी घराण्याचे मकबरे दिसतील. मलिक राजा फारुकी यांना 1370 मध्ये फिरोजशाह तुघलकाकडून थाळनेरची जहागीर मिळाली आणि इथूनच खानदेशची सल्तनत उभी राहिली. तिथून पूर्वेला जळगाव, भुसावळ मागे टाकून मुक्ताईनगर, म्हणजे जुने एदलाबाद, गाठावे. जवळच चांगदेव येथे तापी-पूर्णेचा संगम आहे. हतनूर धरणाचे पाणी इथवर पसरलेले असते.

पाणी साठले की मासेमारी आली आणि मासेमारी आली की होडी आली. होडी लाकडाची असो वा पत्र्याची, तळ कधीतरी झिरपतोच. अ‍ॅल्युमिनियमची होडी हलकी असते, लोखंडासारखी गंजत नाही. पण खडकावर घासून तिला चीर पडते, रिव्हेट सैल होतात. मग फायबरचे ठिगळ लावायचा विचार येतो. ते लागते, पण टिकते का?

अडचण धातूच्या स्वभावात आहे. घासलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर क्षणात ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि चिकटवलेले त्यावरून सुटते. शिवाय आमच्याकडचा उन्हाळा! चार मीटरचा पत्रा 30 अंशांनी तापला तर लांबीत पावणेतीन मिलिमीटर वाढतो. फायबर त्याच मापाने वाढेलच असे नाही, म्हणून कडा उचलल्या जातात.

तरीही ठिगळ लावायचेच तर रीत अशी. होडी काठावर टेकूंवर ठेवून आत पाणी ओता. थेंब पडेल तिथे खूण करा. चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडा, म्हणजे ती पुढे सरकत नाही. होडी पूर्ण वाळवा, तेल-गाळ अ‍ॅसिटोनने पुसा, जाड पॉलिश पेपरने चकचकीत घासा आणि लगेच इपॉक्सी लावा. स्वस्त पॉलिस्टर रेझिन इथे नको, ते धातूला नीट धरत नाही. ठिगळाचे कोपरे गोल कापा. ते चिरेपलीकडे चहूबाजूंनी पाच-सात सेंटीमीटर जाऊ द्या. काम सकाळच्या थंड वेळी करा, कारण उन्हात रेझिन हातातच घट्ट होते. घासताना मास्क आणि हातमोजे हवेतच.

सैल रिव्हेट मात्र बदलावा. लांब चीर असेल तर आर्गॉन वेल्डिंग करणारा कारागीर गाठावा.

हतनूरला 41 दरवाजे आहेत. पावसाळ्यात ते उघडले की खालच्या नदीचे रूप पालटते. अशा पाण्यात ठिगळाची परीक्षा घेऊ नये. आधी उथळ पाण्यात वाळूची पोती भरून होडी तासभर उभी ठेवावी. तळ कोरडा राहिला तर जाळे टाकावे. लेकरे-बाळे बसवायची असतील तर प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट असावे. ठिगळाने होडीचे आयुष्य वाढते. माणसांची जोखीम त्याच्यावर टाकू नये.