घाटाच्या पायऱ्या आणि वडिलांची वही

वाचकहो, आपण काशीला गेलात तर पंचगंगा घाटावरून वर येऊन जुन्या गल्ल्यांतून दूधविनायकाकडे अवश्य जा. या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. माझे बालपण तिथेच गेले आणि गणिताची भीतीही तिथेच सुटली.

मी तेव्हा नववीत होते. घराच्या छपराच्या दुरुस्तीसाठी वडिलांनी गल्लीतल्या एका व्यापाऱ्याकडून कर्ज घेतले होते. फेड वीस महिन्यांची होती. पहिला हप्ता लहान आणि पुढचा प्रत्येक हप्ता ठरावीक रकमेने मोठा, असा करार होता. नऊ हप्ते फिटले आणि वडील अकस्मात गेले. मागे राहिली ती एक वही, तीही पावसात भिजलेली. तिच्यातल्या दोनच नोंदी वाचता येत होत्या : चौथा हप्ता ११ रुपये, नववा २१ रुपये.

महिनाभरात मुनीमजींचा निरोप आला : बाकी ३८३ रुपये. शिवणकामावर घर चालविणारी माझी आई म्हणाली, "देणे असेल ते देऊच. पण तेवढेच आहे, हे कळावे कसे?"

आजोबांनी वही माझ्यापुढे ठेवली. चौथ्यापासून नवव्यापर्यंत मी बोटांवर महिने मोजले, सहा भरले. रक्कम १० रुपयांनी वाढली होती, म्हणून दहाला सहाने भागले. भाग पूर्ण जाईना. मला रडू कोसळले. आजोबा रागावले नाहीत. मला घेऊन ते घाटावर गेले आणि म्हणाले, "चौथ्या पायरीवर उभी राहा. आता नवव्या पायरीवर जा. पाऊल किती वेळा उचललेस, बाळ?"

पाच वेळा! पायऱ्या सहा, पण त्यांमधले चढ पाचच. दहाला पाचाने भागले; दरमहाची वाढ २ रुपये निघाली. चौथ्या पायरीवरून पहिल्या पायरीवर यायला तीन उतार, म्हणून अकरातून सहा वजा केले. पहिला हप्ता ५ रुपयांचा ठरला. पुसलेली सगळी वही जणू पुन्हा लिहून निघाली.

घरी आल्यावर आजोबांनी 'लीलावती'तली रीत सांगितली. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या या ग्रंथात अशा रांगेला श्रेढी म्हटले आहे. पहिले पद तो आदि, ठरावीक वाढ तो चय, पदांची संख्या तो गच्छ. गच्छातून एक वजा करून चयाने गुणावे व आदि मिळवावा, म्हणजे शेवटचे पद येते. आमचे आले ४३. पहिल्या व शेवटच्या पदांच्या बेरजेचे अर्धे २४; त्याला विसाने गुणून सर्वधन ४८० रुपये. पहिल्या नऊ हप्त्यांची बेरीज याच रीतीने ११७. बाकी उरली ३६३.

आई तो कागद पदराआड धरून दुकानात गेली. मीही बरोबर होते. मुनीमजींनी आपली मांडणी काढली, दोनदा तपासली आणि कपाळाला हात लावला. शेवटचा हप्ता काढताना त्यांनी एकोणीस चढांऐवजी वीस धरले होते. माझीच चूक त्यांच्या हातूनही झाली होती! वीस रुपये कमी झाले. आईच्या महिन्याभराच्या शिवणकामाचे ते मोल होते.

त्या रात्री आजोबांनी मला नारायण पंडितांचे कोडे घातले. ते त्यांच्या 'गणितकौमुदी' या १३५६ सालच्या ग्रंथातले. हा ग्रंथ पद्माकर द्विवेदी यांनी काशीतच १९३६ व १९४२ साली दोन भागांत छापविला. एक गाय दरवर्षी एक कालवड देते. प्रत्येक कालवड तीन वर्षांची झाली की तीही दरवर्षी एक देऊ लागते. वीस वर्षांत कळप केवढा होईल? इथे वाढ ठरावीक नाही. गेल्या वर्षीच्या कळपात तीन वर्षांपूर्वीचा कळप मिळवावा, म्हणजे यंदाचा येतो : १, २, ३, ४, ६, ९, १३, १९... असे करीत विसाव्या वर्षी २७४५.

मी विचारले, "मधला आकडा पुसला गेला तर?" आजोबा म्हणाले, "यंदाच्या तेरातून गेल्या वर्षीचे नऊ वजा कर, तीन वर्षांपूर्वीचे चार सापडतील. नियम ठाऊक असला की मागेही जाता येते. मात्र आधी पाहावे की हातात माहिती पुरेशी आहे का. हप्त्यांच्या रांगेला दोन आकडे पुरले. गाईंच्या रांगेला लागोपाठचे तीन लागतात."

पुढे मी गणिताची शिक्षिका झाले. दहाला सहाने भागणारी मुलगी दरवर्षी एखाद्या बाकावर भेटायचीच. मी तिला फळ्यापाशी न बोलावता शाळेच्या जिन्यावर नेत असे. वाचकहो, आपल्या घरातले मूल असेच अडले, तर उत्तर सांगण्याची घाई करू नका. त्याला पायऱ्यांवर न्या आणि विचारा, पाऊल किती वेळा उचललेस?